चार खाचांचं जेट

मला बर्फाची हौस कधीच नव्हती. थंडीत माझे गुडघे धरतात आणि डोंगरांचे फोटो मला सगळे सारखेच दिसतात. मला तिथे जाऊन फक्त एक प्लग काढायचा होता. लेहच्या वाटेवरच्या शेवटच्या उंच खिंडीत, सतरा हजार फुटांवर, चालत्या जीपचं इंजिन बंद करायचं, पान्याने स्पार्क प्लग सोडवायचा आणि त्याच्या टोकाचा रंग बघायचा. बस. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. दोन वर्षं एका इंजिनाशी संसार केलेल्या माणसालाच यातलं काही कळेल, आणि असा माझ्याखेरीज एकच माणूस या जगात होता. त्यानेच माझा केसाने गळा कापला.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं होती ती. जळगावात अजिंठा रस्त्याला माझं पत्र्याचं गॅरेज होतं. डिझेलवाल्यांची तेव्हा चलती होती, मी मात्र पेट्रोल इंजिनात अडकून पडलो होतो. कार्बोरेटर उघडून बसलो की मला जेवणाची शुद्ध राहत नसे. माझा शाळेपासूनचा मित्र गिरणाकाठच्या गावचा, घरची केळी. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, एकाच मास्तरचा मार खाल्ला. एका दुपारी तो ट्रॅक्टरमागे दोर बांधून एक जुनी लष्करी पेट्रोल जीप ओढत घेऊन आला. लिलावात उचलली होती. इंजिनात उंदरांनी घर केलेलं, चाकांत हवा नाही, आणि हा पठ्ठ्या दारात उभा राहून मला सांगतो, ही गाडी लेहला न्यायची.

मनालीहून लेहला जाणारा रस्ता साध्या माणसांसाठी नुकताच उघडला होता आणि ते त्याने कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, आधी ही गिरणेचा पूल ओलांडेल का ते बघू. त्याने जीपच्या मागच्या बाकांवर हात ठेवला आणि म्हणाला, “हाई काढी टाक. मांगे पेट्रोलना डबा आनि सामान. पुढे दोन शिटा, दोन मानसं. तू आनि मी.”

मी त्याच दिवशी बाक काढून टाकले.

गाडी चालती करायला आठ महिने लागले, पण ते कोणीही केलं असतं. खरं काम पुढेच होतं. उंचावर हवा विरळ होते. कार्बोरेटरला ते कळत नाही. तो आपला जळगावच्या हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो. मग पेट्रोल जास्त, हवा कमी, इंजिन काळा धूर ओकतं, प्लगवर काजळी धरते आणि चढावर गाडी बसते. मित्राला आधी हे पटेना. “अठे चालस ती गाडी तठे कसाले चालाव नही?” तो विचारायचा. मी त्याला म्हटलं, तापात तुला आईने पुरणपोळी वाढली तर तुझं काय होईल? तेच इंजिनाचं. हवा कमी मिळत असेल तर जेवणही बेताने द्यायला हवं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा पितळेचा एक स्क्रू असतो, करंगळीच्या नखाएवढा, मधोमध केसासारखं भोक असलेला. त्याला जेट म्हणतात. वर चढत जाऊ तसं हे जेट बदलायचं, दर वेळी आधीपेक्षा बारीक भोकाचं.

असली जेट आमच्याकडे कुठे मिळणार? मी ती केली. जुन्या जेटचं भोक कथिलाने बुजवायचं आणि पुन्हा नव्याने पाडायचं. त्यासाठी भुसावळच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडून मी बारीक सुया आणल्या. एक सुई हाताच्या घामाने निसटली की संपूर्ण दुपार फुकट. अशी कितीतरी बिघडवून शेवटी चार जमली. ओळखू यावीत म्हणून कानशीने त्यांच्या डोक्यावर खाचा पाडल्या. एका खाचेचं तोरणमाळच्या उंचीसाठी, दोन खाचांचं मनालीसाठी, तीन खाचांचं रोहतांग खिंडीपासून पुढे, आणि चार खाचांचं त्या शेवटच्या खिंडीसाठी. चौथ्याचं भोक इतकं बारीक होतं की ते उजेडाकडे धरल्याशिवाय दिसायचं नाही.

हे सगळं आम्ही ऐन वैशाखात, भर दुपारी करायचो. लोक दारं लावून, पडदे ओले करून पडलेले असत आणि आम्ही दोघं रस्त्यावर जीप पिटाळत असू. यामागे माझं एक गणित होतं. तापलेली हवाही विरळच असते. जळगावची मे महिन्यातली दुपार म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने एक लहानसा डोंगर. फुकटात मिळालेला डोंगर कोण सोडतो? इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप तापू नये म्हणून त्यावर भिजवलेलं गोणपाट बांधायचं, दोन मैल गाडी दामटायची, मध्येच इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. तव्यासारखा काळा निघाला तर पेट्रोल जास्त. चुन्यासारखा पांढरा तर पेट्रोल कमी, मग इंजिन जळणार. कळण्याच्या भाकरीसारखा तपकिरी दिसला की समजायचं, बरोबर. मित्राला ही भाकरीची खूण फार आवडली. नंतर नंतर तोच आधी ओरडायचा, “भाकर शे, भाकर!”

मग आम्ही तोरणमाळला गेलो. तेव्हा ते धुळे जिल्ह्यातच होतं. घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावरच इंजिन गुदमरायला लागलं. मी मुद्दाम गाडी तशीच ओढत नेली, मग थांबवून प्लग काढला. काळाकुट्ट. तिथेच रस्त्याच्या कडेला एका खाचेचं जेट बसवलं. पंधरा मिनिटांचं काम. मित्र माझ्या डोक्यावर टॉवेल धरून उभा होता, ऊन लागू नये म्हणून. गाडी पुन्हा सुरू केली आणि ती जी चढली, ती थेट वर तलावापर्यंत. तिथे उतरून प्लग काढला तर भाकर! आम्ही दोघं लहान पोरांसारखे त्या तलावाकाठी नाचलो. तिथली एक म्हातारी बकऱ्या सोडून आमच्याकडे बघत उभी राहिली.

त्या तलावाकाठी त्याने प्लग माझ्या तळहातावर ठेवला, माझी मूठ मिटली आणि म्हणाला, “त्या खिंडमा पयला प्लग तूच काढशी. मी हात बी लावाव नही.”

हे मी मागितलं नव्हतं. त्याने आपणहून दिलं होतं. म्हणून तर एवढं लागलं.

निघायचा दिवस ठरला तो रविवार. जीप बुधवारीच त्याच्या गावी गेली, सामान भरायला. मी रविवारी सकाळी एसटीने धुळ्याला पोहोचायचं, तो जीप घेऊन त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरी येणार, आणि तिथून दोघांनी आग्रा रस्त्याला लागायचं, असं ठरलं. बहिणीला मीही अक्काच म्हणायचो. मी दोन सदरे, एक स्वेटर आणि पाने असं सामान काढून ठेवलं. आणि माझी माय आडवी आली.

“आइतवारले पच्छिमले जातस का कोनी?” ती म्हणाली. रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, आणि जळगावहून धुळं नाकासमोर पश्चिमेला. दिवस बदलायचा नसेल तर त्यावर आमच्याकडे जुना तोडगा आहे, प्रस्थान ठेवायचा, मायच्या बोलीत पस्तान. चांगल्या दिवशी आपली एक वस्तू वाटेवरच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. ती वस्तू गेली म्हणजे आपण निघालो. मग प्रत्यक्ष वाईट दिवशी निघालं तरी बाधत नाही. फक्त दोन अटी. पाच दिवसांच्या आत ते उचलून पुढे जायचं, आणि मागे आणायचं नाही. गाठ सोडायची ती ज्याची त्यानेच, प्रवासाला लागल्यावर. दुसऱ्याच्या हाताने सुटली तर जाणं अडतं.

मी हसलो. पण मायपुढे कार्बोरेटरचं शहाणपण चालत नाही. तिने लाल फडकं घेतलं, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड ठेवलं आणि मला म्हणाली, “ज्या कामले जास, त्या कामनं हत्यार घाल त्यामा.”

माझं हत्यार कुठलं? पाने तर कोणाकडेही असतात. मी गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत कापूस घालून चारही जेट ठेवली होती. ती डबी मी त्या तांदळात ठेवली. मायने फडक्याची आवळून गाठ मारली आणि ओल्या कुंकवाचं बोट गाठीवरून ओढलं. गाठ हलली तर ती रेघ तुटणार. आत काय आहे ते कोणाला सांगायचं नसतं, असंही तिने बजावलं, आणि मी खरंच कोणाला सांगितलं नाही. मित्रालाही नाही.

गुरुवारी मी पुरचुंडी घेऊन धुळ्याला गेलो. अक्काने ती देव्हाऱ्यात ठेवली. तिचे यजमान, आमचे दाजी, त्या दिवशी घरीच होते. एरवी मला “काय मिस्त्री” यापलीकडे न बोलणारा हा माणूस त्या दिवशी माझ्याशेजारी पाट घेऊन बसला. जेट कुठे बसतं? घाटात कुठला गिअर? पेट्रोल पंप तापला तर काय करायचं? मी वेड्यासारखा सगळं सांगत बसलो. कागदावर चित्र काढून दिलं. कोणी माझ्या कामाबद्दल विचारलं की मला भरून येतं, हा माझा जुना आजार आहे. दाराशी नवेकोरे जाडजूड बूट होते, दुकानाची चिठ्ठीही अजून तळव्याला चिकटलेली. धुळ्यात असले बूट कोण घालतो, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. अक्काने दोनदा तूप वाढलं आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, घरात काहीतरी कुरबूर असेल.

रविवारी सकाळी मी पिशवी खांद्याला लावून अक्काच्या दारात पोहोचलो. जीप आली नव्हती. मग माझं लक्ष अंगणात गेलं. त्या जीपच्या मागच्या सीलमधून तेलाचे थेंब पडायचे, ते मी मुद्दाम तसंच ठेवलं होतं, कारण तिथे घट्ट केलं की दुसरीकडून गळायचं. अंगणात तसेच थेंब होते. त्यांच्यावर धूळ बसून वाळली होती. दोन दिवसांचे थेंब. अक्काने दार उघडायच्या आधीच मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“भाऊ,” ती म्हणाली, “त्या शुक्करवारीच निंघी गयात.”

“कोन कोन?”

तिने पदर तोंडाला लावला. मग कळलं ते असं. दाजींना आठवड्यापूर्वी लेहची हुक्की आली. जावयाला नाही म्हणायचं कसं? अक्काला सासरी ऐकावं लागलं असतं. सीट दोनच. आणि मला सांगायचं कोणी, हा प्रश्न सगळ्यांनी मिळून असा सोडवला, की सांगायचंच नाही.

“मी म्हनं व्हतं त्याले,” अक्का रडत म्हणाली, “तोंडवर सांग भाऊले. तो म्हने, माले जमाव नही.”

त्याने तोंडावर सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या. चार दिवस बोललो नसतो. आणि मग, देवाशपथ सांगतो, जेट कशी बदलायची ते दाजींना शिकवून मीच त्यांना धुळ्याच्या वेशीपर्यंत सोडायला गेलो असतो. अक्काच्या संसारापुढे माझा प्लग तो काय! पण त्याने मला खोटी तारीख दिली. बुधवारी माझ्या गॅरेजमधून जीप बाहेर काढताना हात हलवून “आइतवारी भेटू” म्हणाला, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. मी उंबऱ्यावर बसलो. मला राग आला, लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त, स्वतःच्या त्या कागदावरच्या चित्राची शिसारी आली. शुक्रवारीसुद्धा पश्चिमेला दिशाशूळच असतो, एवढंच काय ते समाधान.

अक्काने देव्हाऱ्यातून पुरचुंडी आणली. गाठीवरची कुंकवाची रेघ जशीच्या तशी. आणि ती हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की जेट यातच आहेत. म्हणजे ते दोघे जळगावच्या जेटवर लेहला निघालेत. रोहतांगच्या वर ती गाडी श्वास कोंडून मरणार.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मरू दे. चांगली अद्दल घडू दे.

“हाई मांगे नको नेऊ, भाऊ,” अक्का म्हणाली. “पस्तान मांगे फिरत नही.”

मग मी उठलो. मित्राच्या बागेतल्या केळीचे ट्रक दिल्लीच्या मंडीत जायचे आणि रविवारी एक निघायचाच. दिल्लीत त्यांच्या आडत्याकडे दोन दिवस मुक्काम करून कागदपत्रं करायची, हे वेळापत्रक मीच बसवलेलं होतं. मी हायवेच्या चौफुलीवर जाऊन उन्हात उभा राहिलो. तासाभराने ट्रक आला. ड्रायव्हर मला ओळखत होता. मी पुरचुंडी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, दिल्लीत आडत्याकडे दे, तुझ्या मालकाला द्यायला सांग.

“काही निरोप?” त्याने विचारलं.

“काही नही. नुस्ती दी दे.”

खिशात पेन होतं. पिशवीत वही होती. “जेट यात आहेत” एवढे तीन शब्द लिहायचे होते. मी लिहिले नाहीत. ज्याने माझ्याशी दोन शब्द बोलायचं टाळलं त्याला मी का लिहू? गाडी गुदमरली की जेट शोधेल, पुरचुंडी सोडेल, डबी बघेल आणि त्याला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं मी मनात रंगवलं होतं. मला त्याची ती मान खाली गेलेली बघायची होती, दुरून का होईना. म्हणून मी जेट पाठवली आणि शब्द ठेवून घेतला.

घरी आलो. जेवताना माय म्हणाली, “पस्तान पुढे गयं ना? मंग तू गया.” मी ताट बाजूला सारून उठलो.

पुढचे पंचवीस दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आज मनालीत असतील, दोन खाचांचं बसवलं असेल. आज रोहतांग, तीन खाचांचं. आणि ज्या दिवशी त्या शेवटच्या खिंडीत पोहोचायचं होतं, त्या दिवशी मी गॅरेज बंद ठेवलं आणि दिवसभर नुसता बसून होतो. चौथं जेट बरोबर निघालं असेल का? दगाबाज तर दगाबाज, पण डोळे असतील ना त्याला? बघितला असेल ना प्लग? राग आणि ही उत्सुकता दोन्ही एका वेळी पोटात घेऊन फिरणं फार वाईट.

ते परत आले आणि मित्राच्या गावात सत्कार झाला. मी जाणार नव्हतो, गेलो. सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसलो. व्यासपीठावर मोठा फोटो लावला होता. खिंडीतली पिवळी पाटी, तिच्यापाशी जीप, बॉनेटला टेकून दोघे. जीपच्या आरशाला माझी लाल पुरचुंडी बांधलेली. दाजी बोलायला उभे राहिले. उंचीवर हवा विरळ होते, त्यांनी लोकांना समजावलं. तापात पुरणपोळी वाढली तर काय होईल? लोक हसले. “इंजिनाचं सेटिंग आम्ही जागेवरच केलं,” ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. माझी पुरणपोळीसुद्धा सोडली नाही! मित्र शेजारी हार घालून बसला होता. त्याने मला बघितलं आणि हारातली पाकळी खुडत बसला. मी टाळ्या संपायच्या आत निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप गॅरेजपुढे येऊन उभी राहिली. तो एकटाच होता. खाली उतरला, आरशाची पुरचुंडी सोडवली आणि दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तशी माझ्यापुढे धरली.

“तुनं पस्तान,” तो म्हणाला. “वरलोंग लयी गवूत. तुनी सेटिंग भारी चालनी, दोस्त. गाडी अशी चढनी का...”

खिंडीपर्यंत जाऊन आलेली ती पुरचुंडी मी हातात घेतली. गाठ मायचीच होती. तिच्यावरून गेलेली कुंकवाची रेघ उन्हापावसाने फिकी झाली होती, पण कुठेही तुटलेली नव्हती.

“गाडी चढनी नही,” मी म्हटलं.

त्याला वाटलं, मला कोणीतरी सांगितलं. मग तो माझ्या पाने ठेवायच्या खोक्यावर बसला आणि सगळं ओकला. रोहतांग कशीबशी पार झाली. पुढच्या मोठ्या चढावर गाडी बसली ती बसलीच. प्लग पुसून पुसून हात काळे झाले. शेवटी लेहला जाणाऱ्या एका ट्रकमध्ये जीप चढवली, आणि खिंडीतल्या पाटीपाशी फळ्या लावून खाली उतरवली, फोटोपुरती. फोटो झाल्यावर पुन्हा ट्रकमध्ये.

“तुना जेट बठ्ठा सामानमा धुंडात,” तो म्हणाला. “माले वाटनं, तुले कळनं आनि तू रागमा ठी लिन्हात. मी दाजीस्ले म्हनं बी, त्यानं काही चुकनं नही.”

“आनि हाई कसाले सोडी नही?” जेट मी रागाने ठेवून घेतली असं समजणाऱ्या त्याच्यापुढे मी पुरचुंडी धरली.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र विचारलं.

“पस्तान शे ना तुनं! दुसराना हाते सुटनं ते तुनं जानं अडी जाई. दाजी ते सोडाले निंघनात, मीच हात धरा त्यास्ना. म्हनं, तो नही ते त्यानं पस्तान तरी वर जाऊ द्या.”

माझी सीट दाजींना देताना याने मागेपुढे बघितलं नाही. खोटी तारीख सांगताना जीभ अडखळली नाही. आणि माझी गाठ मात्र याने सोडू दिली नाही, माझं जाणं अडू नये म्हणून! मला हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी ते कळेना. मी ती पुरचुंडी बॉनेटवर ठेवली आणि गाठ सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड. मग डबी उघडली, कापूस बाजूला केला आणि चारही जेट त्याच्यासमोर एका ओळीत मांडली. एक खाच, दोन, तीन, चार.

त्याने चार खाचांचं उचलून उजेडाकडे धरलं. मान खाली गेली. हेच तर मला बघायचं होतं, पंचवीस दिवस मनात हेच रंगवत होतो. आता ते समोर होतं आणि मला काहीच मिळालं नाही. उलट मला ट्रकची ती खिडकी आठवली, आणि “काही निरोप?” विचारणारा ड्रायव्हर. तीन शब्द. त्याच्यापाशी माझ्यासाठी नव्हते, तसे माझ्यापाशीही नव्हते.

“पुढला साल आपुन दोन्हीच जाऊत,” तो खाली बघतच म्हणाला. “आइतवार-बिइतवार काही बघनं नही. पयला प्लग तूच काढशी.”

“पस्तान पाच दिन ऱ्हास,” मी म्हटलं. “मुदत सरी गई.”

तो जीप तिथेच ठेवून पायी एसटी स्टँडकडे गेला. चार दिवसांनी त्याचा गडी येऊन ती घेऊन गेला. त्याआधी मी एकदा न राहवून प्लग काढून बघितला. अख्खा हिंदुस्थान उतरून आल्यावर त्यावर खिंडीचं काय राहणार? भाकरीसारखा तपकिरी होता, जळगावच्या प्लगसारखा. ते तांदूळ मायने चिमण्यांना घातले. पुढे आम्ही लग्नाकार्यात भेटलो, एकमेकांना राम राम केला, पण गॅरेजची पायरी तो पुन्हा चढला नाही आणि मी त्याला बोलावलं नाही. हळूहळू पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटर गेले आणि माझं कामही गेलं.

लोक विचारतात, एवढं काय त्याचं मनाला लावून घेतलंस, एक सहलच तर होती. सहल गेली ती गेलीच, तिचं मला काही नाही. पण एका खाचेचं जेट बरोबर होतं, हे मला तोरणमाळला कळलं. बाकीची तीन मी नीट केली होती की चुकवली होती, ते मला आजही माहीत नाही.